आधी उपकारस्तुती

देवाला घटकाभर उसंत न देणारा माणूस अख्ख्या दिल्लीत एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आम्हां ख्रिस्ती लोकांत संकट आलं की प्रार्थना करतात, सुटका झाली की घरी उपकारस्तुतीची सभा घेतात, पाळकसाहेबांना बोलावतात, केक आणि चिवडा देतात. आमच्या साडूंना एवढा धीर कुठला? ते उपकारस्तुती आधीच उरकतात. "सुटका तो करणारच आहे, मग आभार कशाला अडवून ठेवायचे?" असं अगदी शांतपणे म्हणतात, आणि माझं डोकं फिरतं.

सरकारी नोकरीत असताना बढतीची यादी लागायच्या आधीच त्यांनी सेक्शनभर बर्फी वाटली. यादीत यांचं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी ज्याला बढती मिळाली त्याच्या टेबलाशी जाऊन, त्याचा हात धरून, त्याच्यासाठी प्रार्थना करून आले. दिल्लीतल्या द्वारकेत त्यांच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली, तेव्हा लिफ्ट सुरू झाल्याबद्दल सभा ठेवली. आम्ही सगळे मजले चढून गेलो आणि धापा टाकत आभार मानले. मुनिरक्यातल्या भाड्याच्या खोलीत कुणी मराठी विद्यार्थी तापाने पडला की हे मऊ भाताचा डबा घेऊन निघालेच. त्या बोळात गाडी घालायची म्हणजे दोन्ही आरसे मिटून जीव मुठीत धरायचा. गाडी माझी, पेट्रोल माझं, विश्वास तेवढा त्यांचा. खोलीत शिरल्यावर इतक्या मोठ्याने प्रार्थना करायचे की घरमालक धावत वर यायचा. "अंकलजी, कोई मर गया क्या?" "नहीं भाई, ठीक हो गया," हे सांगायचे, आणि तो मुलगा चादरीखाली अजून कुडकुडत असायचा. मग घरमालकालाही डोळे मिटायला लावूनच आम्ही खाली उतरायचो.

हे सगळं मी वर्षानुवर्षं चालवून घेतलं. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या हिच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. थायरॉइडची गाठ. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की गाठ निघेल, पण आवाजाची नस तिला चिकटलेली आहे, आवाज राहीलच असं नाही. आता ही म्हणजे आमच्या मराठी उपासनेचा गळा. तिने सूर धरला की मंडळी गातात, नाहीतर गीताचं पुस्तक उघडून नुसती उभी राहतात. आणि अशात व्हॉट्सअ‍ॅपवर साडूंचं सगळ्यांना निमंत्रण: धाकटीच्या, म्हणजे हिच्या, आवाजाबद्दल उपकारस्तुती, पहिलं गीत ती स्वतः म्हणेल. ऑपरेशन अजून व्हायचं होतं!

मी तडक फोन लावला. "अहो, तुम्हाला काही वाटतं का?"

"साडूभाऊ, टेन्शन मत लो. तो सोडवतोच."

"आणि नाही सोडवलं तर? तिने चारचौघांत उभं राहून काय करायचं?"

"नाही सोडवलं तरी तो देवच आहे," ते म्हणाले. मी फोन ठेवून दिला.

गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. कुजबुज तेवढी उरली. वाट बघा, येईल किंवा येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. सभा रद्द करा म्हणून मी साडूंना बजावलं. त्यांनी ऐकलं नाहीच, आणि इकडे हीसुद्धा मफलर गुंडाळून तयार. "दाजींनी बोलावलंय," एवढंच कुजबुजली. पाळकसाहेबांनी गीताचा आकडा सांगितला. ती उभी राहिली, तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली. मला साडूंची कॉलर धरावीशी वाटली. तिने पुन्हा सुरुवात केली, तशीच, सुराशिवाय, हाताने ताल धरून. हळूहळू एकेक जण तिच्या ओठांकडे बघत गाऊ लागला, आणि तिने सगळी कडवी पुरी करून घेतली. मग साडूंनी आभार मानले. आवाजाबद्दलच मानले, आणि चांगले लांबलचक.

सगळे गेल्यावर मी भांडायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. साडू बेसिनशी उभे होते. नळ सोडलेला, हातात कप, आणि हुंदके देऊन रडत होते.

"कुठे गेला तुमचा विश्वास?" तरी मी विचारलंच.

"जातोय कुठे? त्याच्याशीच तर भांडतोय," ते बाहीला नाक पुसत म्हणाले. "तुमच्यासमोर रडलो असतो, तर तुम्ही दोघं कुणाच्या जिवावर उभे राहिला असता?"

मी फडकं घेतलं आणि त्यांनी धुतलेले कप पुसत राहिलो.

आता हिचा आवाज थोडा आलाय, खालच्या पट्टीतला. फोनवर लोक तिला मीच समजतात. गाणं अजून नाही. साडूंचं चाललंय आपलं तसंच, नवीन आभार, नवीन निमंत्रणं. मी पूर्वीसारखा मनापासून चिडायला जातो, पण बेसिनशी उभा राहून रडणारा तो माणूस डोळ्यांसमोर येतो आणि राग येतच नाही. त्या रागाची फार सवय होती हो मला.