चादरीचं दुसरं टोक

हॉस्पिटलच्या लाँड्रीत आत्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. त्या सगळ्यांच्याच आत्या, सुपरवायझरच्यासुद्धा. लग्न होऊन या शहरात आल्या, नवरा लवकर गेला, आणि चादरींच्या घड्या घालूनच त्यांनी दोन्ही मुलं मोठी केली. गुडघे आता कुरकुरतात, जिभेची धार मात्र जशीच्या तशी.

माझी त्यांच्याशी ओळख लेकीमुळे झाली. ती सामाजिक मानवशास्त्र शिकते. हा विषय तिने घेतला तेव्हा मी कपाळाला हातच लावला होता. माणसं कशी जगतात, कोणते न लिहिलेले नियम पाळतात, हे त्यांच्यातच वावरून समजून घ्यायचं म्हणे! यावर नोकरी कोण देणार? पण पोरगी हट्टी. वेगवेगळ्या मुलखांतल्या, वेगवेगळ्या भाषांच्या बायका तिथे एका छपराखाली राबतात, म्हणून तिने ही लाँड्री निवडली.

"म्हणजे दुसऱ्यांच्या भानगडी बघायच्या आणि वर मार्क मिळवायचे?" आत्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. "अगं, मग आमची अख्खी गल्ली पदवीधर!"

मोठ्या चादरीची घडी दोघींनी समोरासमोर उभं राहून घालायची असते. आत्यांच्या जोडीदारणीला आत्यांची भाषा येत नव्हती, आत्यांना तिची. तरी वर्षानुवर्षं दोघींचं उत्तम चालायचं. मग ती जोडीदारीण मुलाकडे राहायला गेली. तेव्हापासून आत्या चादरीचं एक टोक खिडकीच्या खिट्टीला अडकवून एकट्याच झुंजत होत्या. काम मागे पडू लागलं. सुपरवायझरने सांगून टाकलं, "पुढच्या महिन्यापासून तळघरात, मळके कपडे निवडायला."

"त्या जिन्यावर माझे गुडघे चार दिवस टिकायचे नाहीत," आत्या लेकीला म्हणाल्या. "मग बसेन घरी, सुनेची बोलणी खात."

इतक्या बायका आजूबाजूला, पण एकही पुढे होईना. लेकीला राहवलं नाही. तिने खिट्टीवरचं टोक काढून हातात धरलं. सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. मग कुणीतरी शिट्टी मारली आणि सगळ्याजणी खिदळत सुटल्या.

त्या संध्याकाळी लेक चपला न काढताच घरात घुसली. "आई, मी नियम मोडला! आणि मोडला म्हणूनच तो दिसला!"

"हळू बोल. कसला नियम?"

"हसून झाल्यावर एकीने सांगितलं. गेलेल्या जोडीदारणीची जागा रिकामीच राहते. कुणी नेमायचं नाही, कुणी मागायची नाही. आपणहून टोक उचललं, की ती कायमची जोडीदारीण!"

"म्हणजे तू काय, लग्न लावून आलीस?"

"जवळजवळ!"

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून हातात घेतलं. परीक्षा तोंडावर, हजेरी आधीच कमी, आणि ही लाँड्रीत कायमची! तिच्या प्राध्यापकांनीही आगीत तेल ओतलं. म्हणाले, "ही चूकच आधी लिहून काढ. तुझा खरा अभ्यास तिथूनच सुरू होतो."

लाँड्रीतल्या अभ्यासाचे दिवस संपत आले तशी लेक जेवेनाशी झाली. ती निघाली की आत्या तळघरात. शेवटी तिने आत्यांना खरं सांगून टाकलं, की अर्थ माहीत नव्हता, मदत म्हणून टोक धरलं.

आत्या पोट धरून हसल्या. "मला का कळलं नव्हतं? पाहुणीने ताट धरावं तशी धरली होतीस चादर!"

"मग बोलला का नाहीत?"

"सुपरवायझरला कुठे माहीत होतं? त्याला जोडी दिसली, माझं तळघर टळलं!"

शेवटच्या दिवशी मला घरी बसवेना. डबा विसरलीस, असं निमित्त करून मी लाँड्रीत जाऊन थडकले. दोघी शेवटचा ढीग संपवत होत्या. एवढ्यात इस्त्रीच्या टेबलावरची एक उंच, अबोल बाई इस्त्री बाजूला ठेवून आली. तिला सगळ्या जिराफ म्हणतात, आणि तिची भाषा तिसरीच. ती लेकीच्या शेजारी उभी राहिली, आत्यांकडे बघत राहिली आणि तिने हात पुढे केला. आत्यांनी मान हलवली. लेकीने टोक तिच्या हातात दिलं.

दोघींच्या भाषा जाणणाऱ्या एका बाईने मग उलगडा केला. जिराफला हे पहिल्या दिवसापासून हवं होतं. पण तिच्या माणसांत, गेलेल्या बाईची जागा कुणी बोलावल्याशिवाय घेणं म्हणजे तिचं वाईट चिंतणं. मागे राहिलेल्या जोडीदारणीने आधी दुसऱ्या कुणाला त्या जागी स्वीकारलं, तरच वाट मोकळी. आणि आत्यांच्या माणसांत जोडीदारीण मागणं म्हणजे भीक मागणं. दोघी सभ्य, आणि दोघींच्या सभ्यतेपायी चादर खिट्टीला!

"आई, नियम एक नव्हता गं, दोन होते!" लेक माझा दंड हलवत होती. "मी अर्धंच लिहिलं होतं! आता सगळं पुन्हा लिहायचं!"

पुन्हा म्हणजे किती दिवस, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण समोर चादर चांगलीच तिरकी झाली होती. जिराफचे हात वर, आत्यांचे खाली.

"अगं, एवढी उंच कशाला झालीस!" आत्या ओरडल्या. जिराफला शब्द कळला नाही, तरी ती गुडघे वाकवून खाली झाली. तळघरासाठी आता दुसरं माणूस शोधावं लागणार, असं सुपरवायझर दारातून काहीतरी कुरकुरत होता. आत्यांनी पुढची चादर झटकली आणि त्यात त्याचं बोलणं विरून गेलं.