तसबिरीच्या पाठीवर आई

पुराभिलेखागारात तिला सगळे खळबाई म्हणत. पाठीमागे अर्थात, तोंडावर म्हणायची कोणाची छाती होती? फाटक्या कागदांची डागडुजी हे तिचं काम. खिडकीशी लांबलचक टेबल, खळीचं पातेलं, मऊ ब्रश आणि कात्रीला लाजवील अशी जीभ. खळ ती स्वतः शिजवायची आणि तीच वापरायची, कारण खळीने चिकटवलेलं पुन्हा पाण्याने सुटतं. जे सुटणार नाही ते चिकटवायचंच नाही, हा तिचा नियम.

ती इथे लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "पदवी घेऊन शेवटी खळच ढवळायची ना?"

"घरातली ढवळाढवळ बघण्यापेक्षा बरं," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली.

वरच्या दालनात पुढाऱ्यांच्या तसबिरी. तळघरात निवडणुकांची पत्रकं, भित्तिपत्रकं, बिल्ले. म्हणजे जिंकलेले वर, हरलेले खाली. त्या खालच्यांत तिची आईही होती. तरुणपणी ती नगरपालिकेला उभी राहिली, सपाटून आपटली आणि अनामत गमावून घरी आली. तिच्या भित्तिपत्रकाची एकच प्रत उरली होती. घरात वाळवी, म्हणून लेकीने ती स्वतः इथे आणून दिली. सरकारी कपाटात निदान शाबूत राहील, असं तिला वाटलं.

यंदाच्या प्रदर्शनात तसबिरींबरोबर ही पत्रकंही मांडायची ठरली. तिने आईला सांगितलं, "ये हो. तुलाच बघायला ये."

"आत्ता सुचलं का त्यांना?" आई म्हणाली, पण नवा चष्मा करून घेतला.

उद्घाटनाच्या सकाळी कपाटात आईचं भित्तिपत्रक नव्हतं.

"मी नेलं," तसबिरींना चौकटी बसवणारा चौकटवाला म्हणाला. "तसबिरींच्या पाठी उघड्या होत्या, धूळ जात होती. साहेब म्हणाले, खालचे जाड कागद लाव. हरलेल्यांचेच घे म्हणाले, मांडायला जिंकलेल्यांचे पुरेत, यांना कोण विचारतो."

खळबाईने तसबिरी भिंतीवरून उतरवल्या, एकेक उलटी करून पाहिली. आई सापडली ती नगराध्यक्षांच्या पाठीवर. ज्यांनी तिला पाडलं, तेच हे. छापील बाजू बाहेर होती. शाई चित्राला लागू नये एवढी अक्कल चौकटवाल्याला होती. पण कागद चिकटवला होता पाण्याने न सुटणाऱ्या सुतारी डिंकाने. तिने नखाने कोपरा उचलून पाहिला, तर फोटोतल्या आईच्या खांद्याशी पापुद्राच निघाला.

ती तडक साहेबांच्या खोलीत गेली.

"बाई, नंतर बघू की," साहेब म्हणाले. "पाहुणे यायची वेळ झाली."

"नंतर काय बघणार? तो कागद आता निघत नाही."

"मग प्रश्नच मिटला. तसबिरीला काही झालं नाही ना?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती मागे फिरली. दालनात आली, शिडी लावली आणि तसबीर पुन्हा टांगली: नगराध्यक्षांचं नाक भिंतीला, आई लोकांसमोर.

साहेब धावत आले. "सरळ करा ती आधी!" दोन शिपाई पुढे झाले आणि थबकले. काठी टेकून एक म्हातारी तसबिरीला नाक लावून उभी होती.

"थांबा रे, वाचतेय मी."

"आजी, चित्र पलीकडच्या बाजूला आहे," साहेब शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाले.

"माहीत आहे. त्याचं तोंड बघतच म्हातारी झाले." ती पुन्हा कागदाकडे वळली. "फोटो भिकार काढला होता मेल्याने. मजकूर मात्र माझा. एक शब्द कोणाला बदलू दिला नाही."

साहेब खळबाईकडे वळले. "तुमच्यावर कारवाई करावी लागेल."

"करा. लेखी करा. कारण लिहाल तेव्हा डिंकाचंही लिहा, आणि तो कोणाच्या हुकमाने लावला तेही. नाहीतर मी लिहीन."

मग तिने आपल्या टेबलाची खुर्ची आणली, तसबिरीसमोर ठेवली आणि आईला बसवलं. खाली गाड्यांची दारं वाजली. पाहुणे जिना चढून आले, तेव्हा म्हातारी अजून वाचत होती, आणि तिला ऊठ म्हणायला कोणीच पुढे होईना.