बिनसांध्याच्या गोधडीची जकात

कात-चुना लागलेली बोटं मला अजून बघवत नाहीत. घरात कोणी पान लावायला बसलं तर मी उठून ओट्यावर जाते. सुना हसतात, म्हणतात, सासूबाईंचं नाक फार वर आहे. असू दे वर. ज्यांनी आमच्या गावचा तो जकात नाका पाहिला नाही, त्यांनी मला शिकवू नये.

आमचं गाव सुरत-भुसावळ लाईनवरचं, तालुक्याचं. गोष्ट ऐंशी सालानंतरची, मी नवी सून होते तेव्हाची. माझी सासू गोधड्या शिवायची. गल्ली तिला आक्का म्हणायची म्हणून मीही आक्काच म्हणे. घरातली विटकी लुगडी, धोतरं आणून देणारे लोक होतेच, पण लग्नाला, बाळंतपणाला नव्या कापडाची गोधडी लागायची, आणि ते कापड शिवणारीनंच आणायचं अशी रीत होती.

गावात कापडाचं एकच मोठं दुकान. शेठ गादीवर लोळत बसलेला, पोटावर हात. भाव विचारला की म्हणायचा, "त्यावर विक्रीकर वेगळा. सरकार घेतं, मी काय करू?" बिल मागितलं की म्हणायचा, "पक्क्या बिलाला आणखी टॅक्स पडेल, बाई." बिल घेतलं नाही तरी तो कर मात्र घ्यायचाच. जळगावला गेलो तर तिथंही असाच एक भेटला, धुळ्याला गेलो तर दुसरा. पुढे आमच्या घरातला एक मुलगा हिशेबाचं शिकला तेव्हा कळलं, की त्या काळी कापडाच्या दुकानात विक्रीकर नव्हताच. तो गिरणीतच दुसऱ्या नावानं वसूल होऊन यायचा. म्हणजे शेठ सरकारच्या नावानं आमच्याकडून घेत होता आणि स्वतःच्या पोटावर चढवत होता. ते ऐकलं तेव्हा मला त्या गादीवरच्या लोळण्याचीच शिसारी आली.

पण तेव्हा आम्हाला काय ठाऊक? साऱ्या गोधडीवाल्या एकच बोलायच्या, की सुरतेला टॅक्स नाही. मग काय, चार-पाच जणी मिळून पॅसेंजरनं सुरत गाठायच्या, किलोवर कटपीस घ्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी परत. कापड स्वस्त पडायचं हे खरंच. मात्र स्टेशनातून बाहेर पडताना जकातीचा नाका लागायचा. बाहेरून येणाऱ्या नव्या मालावर जकात, वापरलेल्या अंथरूण-पांघरुणावर नाही.

त्यामुळे या बायकांनी एक घाणेरडी युक्ती काढली होती. घरून जाताना जुनी लुगडी न्यायच्या. येताना गाडीतच नवं कापड त्यावर पसरून लांब लांब कच्चे टाके घालायच्या. नाक्यावर सांगायचं, आमचं अंथरूण आहे. अंथरूण म्हटलं की ते वापरलेलं दिसलं पाहिजे. मग ते डब्याच्या फरशीवर टाकायचं, त्यावर बसायचं, डोक्याचं तेल पुसायचं. एकीनं माझ्या डोळ्यांदेखत आपलं तान्हं लेकरू त्यावर निजवलं, लंगोट काढून. लेकरानं आपलं काम केलं तेव्हा बाकीच्या खुश. हेच कापड घरी येऊन एकदा पाण्यातून काढायचं, टाके उसवून पुन्हा बारीक शिवायचं आणि नवी गोधडी म्हणून लोकांच्या अंगावर घालायचं. ती गंमत सांगून पोट धरून हसायच्या. मला वाटे, यांना आणि त्या शेठला एकाच दोरीत बांधावं.

आक्काही कच्चे टाके घालायची. तेल पुसायची नाही एवढंच. "कापडावर बसा, पण त्यावर लेकरू हागवू नका," असं ती एकदा त्या तान्ह्याच्या आईला म्हणाली होती, आणि ती बाई महिनाभर बोलली नव्हती.

त्या वर्षी माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं. आक्काच्या पदरात तेवढं एकच कार्य राहिलं होतं. मुलाकडचे खाऊनपिऊन सुखी, पण विहीणबाईंचा तोरा मोठा. बघायला आल्या तेव्हा आमच्या दारातल्या चिंध्यांच्या गाठोड्याकडे बघून पदर नाकाला लावला होता. आक्कानं ते पाहिलं होतं. त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "बिनसांधानी गोधडी दिसू मनी पोरले."

माझ्या पोरीला बिनसांध्याची गोधडी देईन, असं ती म्हणत होती; म्हणजे वरचं कापड अखंड. मोठ्या पन्ह्याचा एकच तुकडा, कुठं जोड नाही. साऱ्या जन्मात आक्कानं तुकडे जोडले होते, लोकांच्या लेकींनाही आणि स्वतःच्या थोरल्या लेकींनाही जोडाच्याच गोधड्या दिल्या होत्या. या शेवटच्या लेकीच्या संसारात कोणी चिंध्या म्हणता कामा नये, एवढंच तिला हवं होतं.

सुरतेला मी तिच्याबरोबर गेले. कटपीसच्या ढिगाकडे ती त्या दिवशी वळलीच नाही. एका दुकानात तागा उलगडायला लावला. फिकट पिवळ्या रंगावर बारीक हिरवी पानं, सुती, मोठ्या पन्ह्याचं. हात फिरवला, उजेडात धरलं, पुन्हा हात फिरवला. दुकानदार वैतागला तरी हिची मान हलेना. शेवटी कापून घेतलं आणि स्वच्छ पंच्यात बांधून मांडीवर ठेवलं.

येताना गाडीत बाकीच्यांचा कार्यक्रम सुरू झाला. आक्कानं आमचं धुतलेलं लुगडं आणि ते पिवळं कापड मांडीवरच जुळवून कडेनं टाके घातले, आणि पुन्हा पंच्यात गुंडाळलं. तेलकट डोक्याची एक काकू म्हणाली, "आक्का, पुस ना जरा. नाक्यावर कोरं दिसी ते." आक्कानं पंच्याची गाठ आणखी घट्ट केली. काकूनं माझ्याकडे बघून डोळे फिरवले.

नाक्यावरचा कारकून म्हणजे एक नमुनाच होता. तोंडात पान, गालाचा फुगा, खुर्चीशेजारची भिंत लालभडक. बायका ओळीनं आपापली अंथरुणं दाखवत. तो हुंगायचा, नाक मुरडायचा आणि हातात काही टेकवलं की सोडून द्यायचा. त्याला सारं ठाऊक होतं. मागे त्या लेकराच्या ओल्या अंथरुणालाही त्यानं नाक लावलं होतं आणि हसला होता. माणूस इतका खालच्या पातळीला जातो तरी कसा, मला कळत नव्हतं.

आक्काची पाळी आली. त्यानं पंचा सोडला.

"आजी, ही तर कोरी दिसते."

मागून काकूनं चिमटा काढलेला मी पाहिला. आक्का म्हणाली, "नवी शे. पोरना लगीनसाठे शे. काय व्हई ती जकात ले."

मागच्या जणींनी आपापली अंथरुणं मागे ओढली. एकीनं नवी म्हटलं की बाकीच्यांची गाठोडी उघडणार, हे सरळ होतं. "म्हातारी आपल्याला खड्ड्यात घालणार," असं कोणी तरी दातांतल्या दातांत म्हटलं. कारकुनालाही ते आवडलं नाही. पावती फाडली तर त्याच्या हातात काय उरणार होतं?

"कशाला पैसे घालवता," तो म्हणाला. मग त्यानं तोंडात घातलेली दोन बोटं बाहेर काढली. कात आणि लाळेनं लाल झालेली. ती त्या पिवळ्या कापडाच्या मधोमध पुसली, सावकाश, अगदी टॉवेलाला पुसावीत तशी.

"घ्या. झाली जुनी. आता जकात लागत नाही."

आणि बायका हसल्या. मला आजही त्याच्यापेक्षा या हसण्याची जास्त किळस येते. काकू तर म्हणाली, "सुटनी वं आक्का." तिला खरंच वाटत होतं की त्या माणसानं उपकार केले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आक्कानं डागाकडे पाहिलं. मग कमरेची पिशवी सोडली.

"आते पावती फाड," ती म्हणाली. "नव्या कापडनी."

त्याला वाटलं थट्टा आहे. आक्का हलेना, रांग खोळंबली, तेव्हा त्यानं शिव्या पुटपुटत पावती फाडली. डागाची जकात भरणारी ती त्या नाक्यावरची पहिलीच बाई असावी.

कात निघत नाही. आम्ही लिंबू लावलं, ताक लावलं, साबण घासून कापड विरायला आलं. दुसरं आणायला दिवस नव्हते, आणि गावातल्या शेठकडे तसं कापड नव्हतं. मी म्हटलं, डाग राहू द्या, कोण बघतंय. आक्का म्हणाली, त्याची थुंकी लेकीच्या अंगाला लागू देणार नाही. तिनं हिरव्या कापडाचं एक पान कापलं आणि डागावर बसवलं, इतक्या बारीक टाक्यांनी की बोट फिरवलं तरी कड लागत नव्हती. पण ठिगळ ते ठिगळच. अखंड पिवळ्यावर ते एकटं पान लांबून दिसायचं.

लग्नात सामान मांडलं होतं. विहीणबाई एकेक वस्तू बघत आल्या. गोधडीची घडी त्यांनी दोन बोटांत उचलली, उलगडली, ठिगळावर नजर थांबली. भोवती त्यांच्याकडच्या चार बायका होत्या. माझी नणंद हळदीच्या अंगानं तिथंच उभी होती.

"असू दे," विहीणबाई म्हणाल्या. "घरातलीच एखादी जुनी दिली वाटतं."

मी आक्काकडे पाहिलं. मला वाटलं आता ती सगळं सांगेल. सुरत, तागा, तो नाका, ती बोटं. पण लेकीच्या लग्नात, लेकीच्या सासूसमोर, त्या थुंकीचं नाव कोण काढणार? तिनं गोधडी त्यांच्या हातातून घेतली, पुन्हा नीट घडी घातली, पान आतल्या बाजूला गेलं.

"नवी शे ती," ती एवढंच म्हणाली. "जकात भरेल शे तिनी."

गोधडीची जकात भरली आहे, हे ऐकून त्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारीला बोलायचं भान नाही.