इनायतभाईंचा उजवा डोळा

भोसरीच्या एका शेडमध्ये आमचे शेजारी इनायतभाई यंत्रांचे शाफ्ट, म्हणजे फिरणारे पोलादी दांडे, सरळ करायचे. शाफ्ट खिडकीच्या उजेडाकडे धरायचा, डावा डोळा मिटून उजव्याने लांबीभर पाहायचं आणि बाक दिसेल तिथे हातोडा घालायचा. बाक मोजणारा काट्याचा डायल लावून तपासणं त्यांना कमीपणाचं वाटे. डोळ्याचा तोराच होता म्हणा ना!

१९८१ साली त्यांचे शाफ्ट कंपनीतून वाकडे म्हणून परत यायला लागले. त्यांनी खापर पोलादावर फोडलं. मग तसाच डावा डोळा मिटून दाराची नवी चौकट पाहिली आणि ती वाकडी बसवली म्हणून सुताराशी भांडले. शेवटी बायको गौहर वैतागली. "अहो, दुसऱ्या डोळ्यानं बघा की!"

डाव्या डोळ्याने चौकट सरळ दिसली. इनायतभाईंच्या तोंडचं पाणी पळालं. सरळ शाफ्ट तेच ठोकून वाकडे करत होते.

पुण्याच्या डॉक्टरांनी समजावलं की डोळ्याच्या आत दाह झालाय. पडद्यात बघणाऱ्या पेशींना आधार देणाऱ्याही पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्यात, म्हणून रेषा वाकड्या दिसतात. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून एक हार्मोन येतं, ते अशी सूज आवरतं. तसंच काम करणाऱ्या गोळ्या देतो, पण मनानं बंद करायच्या नाहीत.

"नजर परत येईल ना?"

"बहुतेक," डॉक्टर म्हणाले. त्या एका शब्दानं घरातली झोप उडाली. डोळा गेला तर कामही जाणार होतं.

गोळ्यांनी चेहरा मात्र गरगरीत झाला. "सासुरवाडीचा पाहुणचार मानवलाय," असं आम्हीच चिडवायचो. लाजून ते गोळ्या सोडायला निघाले, तेव्हा गौहर कडाडली, "शाफ्ट काय गालांनी बघता? घ्या ती गोळी!" गिळेपर्यंत ती समोरून हलायची नाही.

हळूहळू रेषा सरळ झाल्या. डॉक्टरांनीच गोळ्या कमी करत आणल्या आणि इनायतभाई कामावर गेले. मालक सोपानराव शेजारीच उभे राहिले. इनायतभाईंनी पहिला शाफ्ट उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला आणि हातोडा न उचलता खाली ठेवला.

"सरळ आहे. याला काही करायचं नाही."

सोपानरावांनी डायल लावून शाफ्ट फिरवला. काटा हलला नाही. ते मटकन स्टुलावर बसले.

"सुटलो बाबा! इनायतभाई, लई जनांनी काम मागितलं. म्या कुनालाबी ठिवलं न्हाई. तुमी येनार, असंच समद्यास्नी सांगत हुतो."

घरच्यांपुढे आवरून धरलेलं इनायतभाईंचं रडू तिथे, मशीन चालू असताना, फुटलं.