तळोज्याच्या सहा कपबश्या आणि मिठाचा डबा

लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल माफी असावी. मागच्या वेळी या ग्रुपवर कपाटाचा फोटो टाकला तेव्हा अनेकांनी विचारलं, ही गुलाबाची विलायती कपबशी कुठं मिळाली? लिहितो म्हणालो आणि चार महिने गेले. शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यामुळे एक ओळ लिहिली की दोनदा तपासतो.

एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. मी शिरवण्याला राहायचो, मिठागरावर कामाला. पनवेलच्या बाजारातून घेतलेले दोन सुटे फुलांचे कप तेवढे घरात होते. मिठागरावर एकानं सांगितलं की तळोज्याला जैनबचाची म्हणून आहेत, नवरा जहाजावर खलाशी होता, आता वारला. त्यानं आणलेल्या सहा कपबश्या त्या विकणार आहेत. मुंबईचा एक व्यापारी त्यातल्या चांगल्या दोनच मागतोय. मला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो.

बांधावरून चालत बेलापूर, तिथून एसटीनं पनवेल. पनवेलला उसळपाव खाल्ला आणि टांगा केला. दुपारी परतीचा टांगा मिळेल का, याची काळजी जातानाच लागली होती. आता तुम्हाला हा त्रास नाही. बेलापूरला मेट्रोत बसलात की चहा गार व्हायच्या आत पेंधर येतं, तळोजं तिथं दारातच.

आम्हा मिठागरवाल्यांत कुणाकडे जाताना मीठ न्यायची रीत. मी पत्र्याचा डबाभर जाडं मीठ नेलं होतं. चाचींनी ते ठेवून घेतलं आणि फडताळातून कप काढले. गुलाबी गुलाब, हिरवी पानं, काठाला सोन्याची रेघ. एक कप त्यांनी खिडकीशी धरला, तर कपाच्या आरपार त्यांची बोटं दिसली. अस्सल कप असा ओळखायचा. टिचकी मारली तर घंटेसारखा वाजतो, तडा असेल तर नाही वाजत.

"व्यापाऱ्याला का नाही दिले?" मी विचारलं.

"तो संच फोडतो. सहाच्या सहा एका घरात राहतील, त्यातून माणसं चहा पितील, तर ने. नाहीतर उठ."

मी शब्द दिला. किंमत त्यांनी सांगितली तेवढी दिली, घासाघीस केली नाही. मग पंचाईत झाली, न्यायचे कसे? त्यांनी भाताचा पेंढा पुढे केला. मला पेंढ्याचा भरवसा वाटेना, गाडीच्या धक्क्यानं तो दबतो. मीठ हलत नाही, हे मला ठाऊक.

"चाची, ते मीठ जरा परत द्याल?"

त्यांनी डबा पुढे सरकवला. "भेट दिलेली वस्तू उंबरठा ओलांडायच्या आत मागणारा तू पहिला."

कपबश्या मिठात रचून डबा भरला. एसटीत तो मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "अंडी हायत का रे?"

"मीठ."

"मीठ मांडीवर घेऊन कोन बसतो? खाली ठेव."

ठेवला नाही. बेलापूरला उतरलो तेव्हा पाय बधिर झाले होते.

घरी हौसानं, माझ्या बायकोनं, एकेक कप काढून धुतला. एकालाही टवका नव्हता. पण जाड्या मिठानं वाटभर घासून काठाची सोन्याची रेघ पार खरवडली होती. मी जेवलो नाही.

"फुलं तं हायत ना," ती म्हणाली. "पेंढा का नाय घातला?"

आठवडाभर मन खात राहिलं. शेवटी पुन्हा तळोज्याला गेलो आणि चाचींना सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या. "ती रेघ बघून पाहुणे बिचकायचे. कप तोंडाला लावायलाच घाबरायचे, चहा गार व्हायचा. सहा आहेत ना शाबूत?"

"आहेत."

"मग पीत जा."

तेव्हापासून पितो. आता नेरूळच्या फ्लॅटमध्ये मी आणि हौसा दोघंच. रोज दुपारी दोन कपबश्या काढतो, उद्या दुसऱ्या दोन, म्हणजे सगळ्यांना चहा लागतो. बशीत ओतून फुंकर मारली की तळाचा गुलाब वर येतो. फार बरं वाटतं.

एकच काळजी आहे. तिन्ही मुलं म्हणतात, दोन-दोन वाटून द्या. मला ते जमणार नाही. चाची केव्हाच गेल्या. त्यांची मुलगी सकिना लग्नानंतर कामोठ्याकडे राहते, एवढंच ऐकलं आहे. तिला, किंवा तिच्या घरच्यांना, कुणी ओळखत असेल तर सांगा, सहाच्या सहा ठेवल्या आहेत, घेऊन जा. मात्र लवकर कळवा. कप मीच धुतो, आणि हल्ली हात थरथरतात.