उपसलेली विहीर

माझी मुलगी नक्की काय शिकते हे मला आजही नीट सांगता येत नाही. थोडं विज्ञान, थोडं इंजिनिअरिंग आणि त्यात पर्यावरण, असं सगळं एकत्र आहे. लग्नकार्यात कोणी विचारलं की मी हसते आणि ताटं उचलायला जाते. आमचे हे म्हणायचे, "खिचडी शिकते." ते चेष्टेत म्हणायचे, पण तिला लागायचं. तिने कॉम्प्युटरला जावं असं त्यांच्या मनात होतं.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एक विहीर घ्यायची होती. पाणी खारट होत चाललंय का, कशामुळे, त्यावर काय करता येईल, हे वर्षभर बघायचं. आमच्या गावात, उमेळ्यात, आता वाड्या कमी नि इमारती जास्त झाल्या, जुन्या विहिरी बहुतेक बुजवल्या. आमची अजून आहे, चाफ्याच्या बागेला तिचंच पाणी जातं. मुलीने तीच सांगितली. तिच्या कॉलेजच्या मॅडम येऊन बघणार होत्या. विहीर पसंत पडली नाही तर तिला डहाणूकडच्या गटात जावं लागणार होतं, तिथे खोली घेऊन. आणि ह्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की बाहेर राहायचं असेल तर शिक्षण पुरे.

मॅडम येणार त्याच्या आदल्या दिवशी मुलगी कॉलेजात होती. ह्यांनी सकाळीच पंप लावला. आमच्याकडे घरात कार्य असलं, मोठे पाहुणे यायचे असले की विहीर उपसतात. गाळ काढतात, वर चुना मारतात, ब्लीचिंग पावडर टाकतात. पाहुणा वाकला तर तळ दिसला पाहिजे. हे स्वतः कमरेएवढ्या चिखलात उतरले होते. मी वरून चहा दिला. खिचडी म्हणणारा माणूस तिच्या मॅडमसाठी एवढं करतोय, ह्याचंच मला बरं वाटत होतं.

संध्याकाळी मुलगी अंधार पडल्यावर आली आणि जेवून झोपली. सकाळी मॅडमना नि बरोबरच्या मुलांना घेऊन ती विहिरीवर गेली, तेव्हाच तिला पावडरीचा वास आला.

"बाबा, हे काय केलंत?"

"साफ केली. तुझ्या मॅडम येणार म्हणून."

मॅडम भल्या बाई. त्यांनी ह्यांना शांतपणे समजावलं की त्यांना बघायचं होतं ते पाणी काल वाहून गेलं, आणि ह्या पाण्यात आता पावडर आहे. पहिली नोंद सगळ्यांची ह्याच आठवड्यात व्हायला हवी. जवळपास दुसरी विहीर आहे का, असं त्यांनी विचारलं.

आहे. जास्वंदीच्या कुंपणापलीकडे, माझ्या चुलत दिरांची. पण त्या कुंपणावरूनच भांडण झालेलं, आणि दोन्ही घरांत बोलणं बंद. मुलगी ह्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "नाही मॅडम, जवळ नाही."

हे चपला घालून दिरांच्या फाटकापाशी गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते, तिथून सगळं ऐकू येतं.

ह्यांनी कॉलेजच्या लोकांना विहीर बघू देण्याबद्दल विचारलं. दीर म्हणाले, "काल पंपाने दिवसभर डोकं उठवलंस. तुझी चकाचक झाली असेल, ती दाखव की."

"तीच तर चूक झाली."

"माझ्या विहिरीत शेवाळ आहे. पाला पडलाय."

"तशीच पाहिजे."

दीर विहिरीकडे वळले. "निदान पाला तरी काढू दे. बाहेरचे लोक आहेत."

"हात लावू नको," हे म्हणाले. मग आवाज खाली आला. "पोरगी ह्याच्यातच शिकते रे."

फाटकाची कडी वाजली. मुलगी दोरीला बांधलेली बाटली घेऊन पलीकडे गेली. मॅडम पाणी बघून विहीर चालेल म्हणाल्या. माझ्या जावेने त्या सगळ्यांना सरबत दिलं. कुंपणावरून एक पेला मलाही आला.

आता ती दर महिन्याला पलीकडे जाते. दीर विहिरीवर कोणाला कपडेही धुवू देत नाहीत, त्यावरून जाऊ कुरकुरते. परवा एका साखरपुड्यात कोणीतरी पुन्हा तेच विचारलं. मी ताटं उचलायला निघाले, तर हे म्हणाले, "विहिरीचं शिकते. पाणी खारं का होतं, ते." पुढचं त्यांनाही सांगता येईना. पण खिचडी म्हणाले नाहीत.