वारा सरण्याची वाट

“अहो, हे तर लहान मुलांना होतं. हिचं वय तेवीसच लिहिलंय ना?”

पडद्यापलीकडे सोनोग्राफीचे डॉक्टर आमच्या सर्जनना विचारत होते. पोटावर थंडगार जेली घेऊन मी अलीकडे पडले होते.

चार महिने पोटात मुरडून कळ यायची, उलटी व्हायची आणि तासाभरात सगळं शांत. कुणी ॲसिडिटी म्हणे, कुणी नव्या नोकरीचं टेन्शन. सर्जन एकटेच म्हणाले होते, “पुढची कळ आली की तशीच रिक्षात बस आणि ये.” तशी आले, म्हणून सापडलं. कांद्याच्या चकतीत दिसतात तशी एकात एक वर्तुळं. दुमडलेल्या बाहीसारखं आतडं आतड्यात शिरलं होतं.

त्याच दुपारी ऑपरेशन झालं. आत चरबीची एक निरुपद्रवी गाठ होती. पुढे सरकताना ती आतड्यालाही सोबत ओढून नेत होती. तेवढा वीतभर तुकडा काढून टोकं शिवली.

मग पनवेलच्या त्या छोट्या हॉस्पिटलात सगळ्यांचा एकच प्रश्न, “वारा सरला का?” आतडं चालू झाल्याची तीच खूण. तोवर पाण्याचा घोटही नाही. सिस्टर विचारायच्या, मावशी केर काढताना विचारायच्या. पप्पासुद्धा पंख्याकडे बघत विचारायचे.

शेजारच्या खाटेवर सुकापूरच्या आजी होत्या. त्यांचं अडकलेल्या हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं, “सिस्टर, सरला गो! आना चाय!” त्यांच्या मुलाने पेढे वाटले. माझा पेढा आईने कागदात बांधून ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी माझाही सरला. चादरीखाली, अगदी सभ्यपणे. पण खाटेशी पप्पा उभे होते, आजींचे दोन तरुण नातू बसले होते. सिस्टरनी विचारलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी कागदावर ‘नाही’ लिहिलं.

संध्याकाळच्या राउंडला सर्जननी ते वाचलं, पोट दाबून पाहिलं आणि दाराशी जाऊन पप्पांना हळूच म्हणाले, “उद्यापर्यंत बघू. नाहीतर कदाचित पुन्हा उघडावं लागेल.” पप्पांनी दाराची चौकट धरली.

आजी कुशीवर वळल्या. “पोरी, मना सकाली आयकू आला. लाजंपायी पोट फारून घेशील काय गो?”

नातू हसले. माझे कान तापले. मी उशीवरून मान उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लोकांसमोर मोठ्याने बोलले.

“सर, वारा सरला! सकाळपासून तीनदा. आणि मला चहा हवाय!”